न नेलेल्या गुणपत्रिका

शाळेत जे काम कुणाचेच नसते, ते चित्रकलेच्या शिक्षकाचे असते. स्वागताच्या कमानीवरची अक्षरे त्याने काढावीत, पाहुण्यांना द्यायच्या नारळाची शेंडी जागेवर आहे की नाही ते त्याने पाहावे, आणि एखादा विषयशिक्षक रजेवर गेला की त्याच्या वर्गावर जाऊन मुलांना 'पावसाळ्यातील एक दृश्य' काढायला सांगून तास शांततेने पार पाडावा, असा अलिखित नियमच आहे. म्हणून यंदा, २०२४च्या जुलै महिन्यात, मुख्याध्यापकांनी एक कोरा तक्ता माझ्यापुढे सरकवला तेव्हा मला नवल वाटले नाही. वरून कुठून तरी आलेला कागद होता. आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण पुढे कॉलेजात गेले, एवढीच माहिती त्यात भरायची होती. मुलांचा एक रकाना, मुलींचा एक, आणि शेवटी 'शेरा'.

"दोन दिवसांत पाठवायचाय," मुख्याध्यापक म्हणाले. "अंदाजाने भरा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

अक्षर वळणदार असले की अंदाजसुद्धा खरा दिसतो, हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. परंतु माझी अडचण निराळी होती. शाळा सुटल्यावर मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला माणसे मनाने निर्माण करायची सवय असते. आकडा मात्र मनाने निर्माण करायला माझा हात धजत नाही. माणूस खोटा लिहिला तरी वाचक त्याला ओळखतो, 'हा आमच्या आळीतला' म्हणतो. खोट्या आकड्याला ओळख द्यायला कुणीच येत नाही.

आणि दुसरी अडचण अशी की, या तक्त्यात मी स्वतःच कुठे बसत नव्हतो. मी मॅट्रिक आहे. खरे म्हणजे १९९५ साली मी दहावी झालो तेव्हा 'मॅट्रिक' हा शब्द सरकारदरबारातून जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. पण बालाघाटच्या डोंगरातल्या आमच्या गावाला ते कुणी कळवले नव्हते. गावात सगळे म्हणाले, शिंप्याचा पोरगा मॅट्रिक झाला. वडिलांनी पेढे वाटले नाहीत, बत्तासे वाटले, आणि माझ्या चित्रकलेच्या मास्तरांना घरी बोलावून विचारले, "पुढं काय करायचं?" मास्तर म्हणाले, "इंटरमिजिएट झालेला आहे. चित्रकलेच्या मास्तरकीची पदविका करू द्या. कॉलेजचं पाच वर्षांचं लांबण कशाला?" चित्रकला शिक्षकाची ती पदविका त्या वेळी दहावीवर करता येत असे. ज्या संस्थेत मी ती केली तिच्या पाटीवर 'महाविद्यालय' असा शब्द होता खरा. पण खाली तेलाचा घाणा आणि वर दोन खोल्या, असे ते महाविद्यालय होते. शेंगदाण्याच्या पेंडीचा वास आला की मला अजून स्थिरचित्रण आठवते. ते कॉलेज म्हणावे की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

'मॅट्रिक' या शब्दात एक गंमत आहे. त्याचा मूळ अर्थच विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव दाखल होणे असा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली, ती शाळा संपल्याचा दाखला देण्यासाठी नव्हे, तर कॉलेजात कुणाला घ्यायचे ते ठरविण्यासाठी. त्या पहिल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली ते पहिले बी.ए. झाले. म्हणजे मॅट्रिक हा कॉलेजचा उंबरठा होता. पण आपल्या लोकांनी थोड्याच वर्षांत त्या उंबरठ्यावरच संसार मांडला. मॅट्रिक झाला की कचेरीत कारकुनी मिळे, शाळेत मास्तरकी मिळे, लग्नाच्या बाजारात हुंडा वाढे. मग आत शिरायचे कशाला? दारापर्यंत येऊन तिथेच बसलेल्या माणसांच्या कितीतरी पिढ्या या महाराष्ट्राने पाहिल्या. मी त्या पंक्तीतला अगदी शेवटचा.

आमच्या मराठवाड्यात तर उंबरठाही दूर होता. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवी आणि शेतकऱ्याच्या मुलाला हैदराबाद म्हणजे काशीइतके लांब. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले, तेव्हा कुठे आमच्या भागातल्या माणसाला कॉलेज हे एस.टी.ने जाण्याचे ठिकाण झाले. तिकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ सालीच कॉलेज उघडून मुलांना 'कमवा आणि शिका' म्हणून सांगितले होते. आमच्याकडे कमवणे पुष्कळ होते. शिकण्याची सोय मागाहून आली.

आता तर कॉलेज एस.टी.च्याही अलीकडे आले आहे. १९७५ साली अकरावीची जुनी शालान्त परीक्षा जाऊन दहावीची आली आणि अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय असे भारदस्त नाव मिळाले. आमच्या शाळेच्या आवारात पत्र्याच्या तीन खोल्यांत कला शाखेचे असे कॉलेज आहे. दहावी पास झालेला पोरगा व्हरांडा ओलांडून पलीकडच्या खोलीत बसला की तो कॉलेजला गेला. गणवेशाची पँट तीच असते, फक्त सदरा रंगीत होतो. आई कौतुकाने शेजारणीला सांगते, "आमचा कालेजला हाय." ती खोटे बोलत नाही. पण तक्ता पाठविणाऱ्याला हे कॉलेज अभिप्रेत होते की त्यापुढचे, याचा त्या कागदावर काहीच उलगडा नव्हता.

मी दोन दिवस वर्तमानपत्रांची कात्रणे चाळली. यंदा मार्चमध्ये राज्यात दहावीला साडेपंधरा लाखांच्या घरात मुले बसली आणि शेकडा ९५.८१ उत्तीर्ण झाली. दुसरीकडे, उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०२१-२२ साली कॉलेजात नाव असलेल्यांचे प्रमाण देशात २८.४ आणि महाराष्ट्रात ३५.३ निघाले. हे दोन आकडे शेजारी ठेवून हळहळावे, असे पहिल्यांदा मलाही वाटले. पण ते एकमेकांचे सोयरे नव्हेत. पहिला परीक्षेला बसलेल्यांतून काढलेला आहे. दुसरा अठरा ते तेवीस वर्षांच्या सगळ्या लोकसंख्येच्या मानाने काढलेला आहे, आणि त्यात दहावीचे तोंडसुद्धा न पाहिलेले लोकही भाजकात बसतात. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने हा दुसरा आकडा २०३५ पर्यंत पन्नासावर न्यायचे ठरविले आहे. न्यावा. पण दहावी पास झालेली आमची पोरे जून महिन्यात कुठे जातात, हे त्या दोन्ही आकड्यांतून मला कळेना.

शेवटी मी आमच्या भाऊसाहेबांकडे गेलो. शाळेतल्या लेखनिकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. मुख्याध्यापक बदलतात, शिक्षक बदलतात, भाऊसाहेब असतात. त्यांनी माझा तक्ता चष्मा वर करून पाहिला, उठले, आणि लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला.

"हे बघा तुमचं उत्तर," ते म्हणाले.

दोऱ्याने बांधलेले, वर साल लिहिलेले गठ्ठे होते. काही जाड, काही बारीक. न नेलेल्या गुणपत्रिका.

आमच्या धंद्यातली एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. शाळा सोडल्याचा दाखला मुलाला अर्ज करून मागावा लागतो. गुणपत्रिका मंडळाकडून आपोआप येते. पूर्वी निकाल कळायला शाळेत यावेच लागे, म्हणून प्रत्येक जण ती घेऊन जाई. आता निकाल दुपारी एक वाजता मोबाइलवर दिसतो. ज्याला पुढे जायचे असते तो सही करून कागद घेऊन जातो. ज्याला पुढे जायचेच नसते तो एस.टी.चे दहा-वीस रुपये कशाला मोडील? गुण त्याने पाहिलेले असतात. कागद कपाटात राहतो.

"किती वर्षं ठेवणार?" मी विचारले.

"ठेवायचे. कधी कुणी येतं. मागं एक जण अकरा वर्षांनी आला. ड्रायव्हिंगच्या कामाला जन्मतारीख पाहिजे होती."

तक्त्यात मागितलेली सगळी वर्षे तपासणे माझ्याच्याने होणार नव्हते. मी एकच गठ्ठा काढला, २०१८चा. त्या वर्षी दहावीचा वर्गशिक्षक मी होतो, आणि निरोप समारंभाच्या दिवशी काढलेला त्या वर्गाचा फोटो अजून माझ्याजवळ होता. अडतीस मुले बसली होती, छत्तीस उत्तीर्ण झाली. त्यांतल्या सत्तावीस जणांनी गुणपत्रिका नेल्या होत्या. नऊ माझ्या हातात होत्या. सहा मुलींच्या, तीन मुलांच्या.

पुढचे आठ दिवस मी फोटो खिशात घालून हिंडलो. बाजाराच्या दिवशी पिंपळाखाली बसलो, रसवंतीत बसलो, न्हाव्याकडे दाढी नसताना बसलो. जो भेटेल त्याच्यापुढे फोटो धरायचा आणि एकेका डोक्यावर बोट ठेवायचे. मुलांच्या आठवणी चांगल्या असतात. आपल्याबरोबरचा कोण कुठे आहे हे त्यांना सरकारपेक्षा बरे ठाऊक असते. सत्ताविसांपैकी एकोणीस अकरावीला गेले. पाच जण आय.टी.आय.त, एक मुलगा तंत्रनिकेतनात. दोघांनी गुणपत्रिका भरतीच्या आशेने नेली आणि ते कुठेच गेले नाहीत. अकरावीच्या एकोणिसांतले पंधरा बारावी झाले. पंधरांतले दहा पदवीच्या वर्गात गेले. त्यांतल्या सहांच्या हाती आज पदवी आहे. म्हणजे तुम्ही कॉलेज कशाला म्हणता त्याप्रमाणे माझे उत्तर एकोणीस, दहा किंवा सहा असे काहीही होऊ शकत होते.

आय.टी.आय.त गेलेल्या पाचांतला एक गेल्या वर्षी आमच्या घरचा पंखा दुरुस्त करून गेला. हे इथे सांगण्याचे कारण नाही, पण त्याने पैसे घेतले नाहीत आणि मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणाला होता वायरमन हो. नाहीतर मी बी.ए. होऊन तुमच्याकडं उसने मागाय आलो असतो." त्याच वर्गातला एक बी.ए. झालेला मुलगा त्याच्याच दुकानात हिशोब लिहितो, हे त्याने सांगितले नाही; मला मागाहून कळले. तेव्हा कॉलेजला गेला तो तरला आणि राहिला तो बुडाला, असा सरळ हिशोब मी मांडणार नाही. निदान मॅट्रिक माणसाने तरी मांडू नये.

नऊ गुणपत्रिकांतली एक मात्र मला गठ्ठ्यात परत ठेवता येईना.

तिच्यावर शेकडा ८४ गुण होते. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. वर्गात ती खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसे आणि चित्रकलेच्या तासाला वही उलटी धरून मागच्या पानापासून सुरुवात करी. इंटरमिजिएटला तिला 'अ' श्रेणी होती. तिचे आईबाप ऊसतोडीला जात. आमच्या बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी सांगतो. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे ट्रकांतून आणि ट्रॅक्टरांतून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल कोयत्यावर मिळते. गावात म्हातारी माणसे, कुत्री आणि परीक्षेची मुले राहतात. लहान वर्गांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, पण दहावीची मुलगी आजीपाशीच राहते. ही मुलगी लहानपणी आईबापांबरोबर फडात गेलेली होती. तिने एकदा ऊसतोडीचा तळ काढला होता. त्यात बैलगाड्या सगळ्या पाठमोऱ्या होत्या. मी म्हटले, "एखादी समोरून काढ की." ती म्हणाली, "समोरून कुठं दिसतात, सर? आपण मागं चालतो ना."

२०१७च्या दसऱ्यानंतर तिचा बाप जायच्या आदल्या दिवशी शाळेत आला. व्हरांड्याच्या पायरीवर चपला काढून उभा राहिला. "गुरजी, पोरगी म्हातारीपाशी ठिवून चाललोय. तुमची नजर असू द्या." मी म्हटले, "खुशाल जा. दहावी होऊ दे तिची. कॉलेजचं मी बघतो."

हे वाक्य मी उच्चारले होते. त्यात संशयाला जागा नाही. चार-पाच शिक्षक ऐकत होते, आणि त्यांनी ऐकावे म्हणून मी ते जरा मोठ्याने म्हटले होते.

जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मी गावात नव्हतो. त्याच्या आदल्या वर्षी माझी कादंबरी प्रसिद्ध झाली होती आणि तिला चार लोकांनी बरे म्हटले होते. पुण्याला एक सत्कार होता, कोल्हापूरकडे एक व्याख्यान होते, आणि वाटेत एका कॉलेजने, तिथे बी.ए.च्या वर्गाला माझी जुनी कादंबरी होती म्हणून, मला बोलावले होते. ते कॉलेज मला चांगले आठवते. परिचय करून देणाऱ्यांनी मला दोनदा 'प्राध्यापक' म्हटले आणि मी एकदाच दुरुस्त केले. व्याख्यान संपल्यावर एका मुलीने उठून विचारले, "सर, आपण बी.ए.ला कुठल्या कॉलेजात होता?" मी म्हटले, "मी याच कॉलेजात आहे, तुमच्या दप्तरात." केवढा हशा झाला! टाळ्या पडल्या. परतताना गाडीत मी ते वाक्य मनाशी पुन्हापुन्हा घोळवले, आणि खरे सांगतो, आपण कॉलेजात गेलो नाही याचे मला त्या दिवशी पहिल्यांदा चांगले वाटले.

त्याच आठवड्यात तिचा बाप दोनदा शाळेत येऊन गेला. शिपायाने मला महिनाअखेरीला सांगितले. "दुपारपर्यंत बसला होता पायरीवर. तुमचीच वाट बघत होता. दुसऱ्या कुणाला काही बोलंना." मी येत्या रविवारी वस्तीवर जायचे ठरविले. रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी मुद्रिते आली होती. मग अकरावीचे प्रवेश संपले, मग गणपती आले. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली तेव्हा मुलींच्या कुजबुजीतून कळले की, तिचे लग्न झाले आणि ती नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेली. ती सोळा वर्षांची होती. कायदा अठरा म्हणतो. पण एकट्या पोरीला सहा महिने म्हातारीच्या भरवशावर ठेवणाऱ्या बापाला रात्री झोप येत नाही आणि लग्न झाले की नवा कोयता होतो, नवी उचल मिळते. अशा लग्नांना मास्तरांना कुणी पत्रिका पाठवीत नाही. आणि मास्तरही नंतर चौकशी करीत नाहीत. मी केली नाही.

याच जुलैत राज्य सरकारने ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. आनंदाची गोष्ट आहे. फीमाफीने या राज्यात किती घरे वर आली हे १९५९ सालच्या ई.बी.सी. सवलतीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या हातातल्या गुणपत्रिकेच्या आड फी आलीच नव्हती. तिच्या बापाला फीबद्दल विचारायचे नव्हते. मुलीला तालुक्याला ठेवायचे तर कुठे, कुणाच्या भरवशावर, एवढेच विचारायला तो आला असेल. कदाचित मी होतो म्हटले तरी काही झाले नसते. कदाचित झाले असते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या कादंबरीसाठी माझा सत्कार झाला, तिची नायिका ऊसतोड्याची मुलगी आहे. शेवटच्या प्रकरणात ती कॉलेजात जाते. त्या प्रकरणाबद्दल मला पुष्कळ पत्रे आली.

आमच्या घरात पदवीधर एकच, ती आमची सौभाग्यवती. तिने ती गुणपत्रिका माझ्या टेबलावर चार दिवस पाहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "ती काय फ्रेम करून लावायची आहे का? पंचमीला पोरी माहेराला येतात. नेऊन द्या."

म्हणून श्रावणात, नागपंचमीच्या दिवशी मी वस्तीवर गेलो. लिंबाला झोके बांधले होते. ती झोक्यावर नव्हती. झोक्यावर दुसऱ्याच लहान पोरी होत्या, आणि ती एका चारेक वर्षांच्या मुलाला धरून खाली उभी होती. मला पाहून तिने पदर सावरला, तेव्हा मी तिला ओळखले नव्हते, ओळखले ते ती "सर, तुम्ही?" म्हणाली तेव्हा.

तिच्या आईने बाज टाकली. चहा झाला. मी पाकीट पुढे केले. तिने हात पुसून कागद घेतला, उजेडाकडे धरला आणि पहिल्यांदा नाव वाचले.

"हे नाव आता कुठंच लागत नाही," ती हसून म्हणाली. मग गुणांवरून बोट फिरवीत खाली आली. "चित्रकलेचे सात धरलेत का ह्याच्यात?"

"धरलेत."

बाप भिंतीला टेकून बसला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी आलतो त्या वक्ताला दोनदा. तुम्ही सत्काराला गेलते म्हणं."

"हो."

"कशाचा व्हता?"

"पुस्तकाचा."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. तो असता तर मला काही बोलता आले असते.

मी मग मास्तरासारखे बोलायला लागलो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येते, त्यापुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरी बसून पदवी घेता येते, पुस्तके मी आणून देईन, फी मी भरीन. ती ऐकत होती. मुलाने कागदाला हात लावला तसा तिने तो उंच धरला.

"सर, ह्याची मुदत असती का?"

"कशाची?"

"ह्या कागदाची. किती वर्षं चालतो?"

"त्याला मुदत नसते."

"मग तुमच्यापाशीच राहू द्या," ती म्हणाली. "फडात कोपीमधी पाणी शिरतं. मागल्या साली आधारकार्ड भिजलं. अखितीला आले की नेईन." आणि थोड्या वेळाने, मी न विचारताच, "औंदा ह्याला नाही न्यायचा संगं. आईपाशी ठेवणार हे. अंगणवाडीच्या बाईला सांगून ठेवलंय."

फॉर्मबद्दल ती काही बोलली नाही. मी निघताना पुन्हा विचारले, तेव्हा नवऱ्याच्या घराकडे, म्हणजे साधारण दक्षिणेकडे, मान वळवून म्हणाली, "आधी उचल फिटू द्या, सर."

तक्ता मी उशिराने भरला. मुले सहा, मुली चार, एकूण दहा. शेऱ्याच्या रकान्यात, 'नऊ गुणपत्रिका शाळेत शिल्लक' असे लिहिले. मुख्याध्यापकांनी ते वाचून कपाळाला आठी घातली. "शेरा कशाला लिहिलात? तो रकाना रिकामा ठेवायचा असतो," ते म्हणाले, आणि भाऊसाहेबांकडून तेवढी ओळ सफेद शाईने झाकून घेतली. अक्षर वाया गेल्याचे त्यांनाही वाईट वाटले असावे.

गुणपत्रिका मी खालच्या कप्प्यात परत ठेवली नाही. चित्रकलेच्या कपाटात ड्रॉइंग पेपरच्या दोन ताज्या तावांमध्ये ठेवली आहे. तिथे ओल येत नाही आणि कागदाला बाक येत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल आणि तिचा ट्रक कारखान्याच्या वाटेला लागलेला असेल. टोळ्या अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परततात. शाळेला तेव्हा सुट्टी लागायची वेळ झालेली असते, भाऊसाहेब लग्नसराईला गावी जातात. म्हणून त्या कपाटाची किल्ली मी या वर्षापासून घरीच आणून ठेवली आहे.